काडी तीच

बांबोळीला तिसऱ्या मजल्यावर
उणे ऐंशीचं कपाट उघडलं
की पांढरा धूर पायांवर उतरतो.
मी दुहेरी हातमोजे घालते
आणि मुलांचं रक्त बाहेर काढते.
रक्त नव्हे खरं तर, रक्तावरचं पिवळं पाणी.
दिवस शून्य. दिवस अठ्ठावीस.
कुपीवर नाव नाही, नुसता आकडा,
पण एकशे सतरा म्हणजे खांडोळ्याच्या लुर्दिनची नात;
सुई टोचली तेव्हा तिनं
माझं ओळखपत्र चावलं होतं.

बाबा माशेलात खाजें करतात.
बेसनाच्या तळलेल्या काड्या, गुळाचा पाक, आलं,
आणि मग ढवळणं,
खांदा भरून येईतो ढवळणं,
काडीवर पांढरी खरखर धरेपर्यंत.
'काडी कोणूय तळटा,' ते म्हणतात,
'गिरायक परत येता तें पाकाक लागून.'

चौऱ्याहत्तर साली त्यांना मुदतीचा ताप आला होता.
एकवीस दिवस पेज. गोडाला बंदी.
केस गेले, ते पुन्हा आले ते कुरळे.
त्या जंतूच्या अंगावर
साखरेचाच अंगरखा होता
हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक?
जिभेला न कळणारी साखर,
पहारेकऱ्याचा हात निसटावा
इतकी गुळगुळीत.

आता तोच अंगरखा उतरवून
धनुर्वाताच्या, विष काढलेल्या प्रथिनाला बांधतात.
नुसती साखर तान्ह्या देहाच्या
ध्यानात राहत नाही,
प्रथिनाचं बोट धरून आली तर राहते.
अर्धा मिली. डावी मांडी. थोडं रडणं.
आणि काही दिवसांनी रक्तात बेचक्या.
दोन टोकांनी जंतू धरायचा,
मागचा दांडा
गिळणाऱ्या पेशींच्या हाती द्यायचा.

त्या दांड्यावर पुन्हा साखर.
मी ती मोजते.
इवली, फांद्या फुटलेली:
कुठे गॅलॅक्टोज आहे, कुठे गळून पडलंय,
टोकाला सियालिक आम्ल, असलं तर,
बुडाशी एक फ्यूकोज,
आणि तेवढं एक नसलं
तर काही पेशींची पकड घट्ट होते.
एवढ्याशा गोष्टीवर.

एकशे सतरा, एकशे एकोणीस.
बेचक्या दोघांच्याही जवळजवळ सारख्या,
कागदावर दोघंही पास.
पण पडद्यावरचे डोंगर वेगळे;
एकीचा पाक दाट चढलाय,
एकाची काडी उघडी दिसते.
मग विहिरीत घाण उतरेल त्या वर्षी
कोण अंगणात खेळत राहील, कोण अंथरुणाला खिळेल?
'इतक्यात बोलू नकोस,' मॅडम म्हणतात.
उघडी काडीच कदाचित जास्त कामाची.
कदाचित दोन्ही पुरतील.
मी वहीत लिहून ठेवते, पेन्सिलीनं.

संध्याकाळी बाणस्तारीचा पूल,
कदंबाच्या खिडकीतून खाडीचा वास.
अंगणात कढई अजून गरम,
आणि बाबा रोजचाच प्रश्न विचारतात,
'म्हजी साखर पळयलीस?'
कितीदा सांगितलं, मी ती साखर नाही बघत.
तरी बोट पुढे करतात.
टोचते. दोनशे दहा.
'चड ना,' म्हणतात, आणि उठतात.

चव घ्यायची बंदी, म्हणून आता
खाजें कानाशी नेऊन मोडतात.
कट्.
एक तुकडा मला, एक पुन्हा कानाशी.
मी विचारते, लागला का पाक?

ते काही बोलत नाहीत बराच वेळ.
कढईच्या काठावरचं खरवडून काढतात.
मग म्हणतात,
'मालनी पुनवेक कळटलें.'